दप्तर आणि त्याचा इतिहास

दररोज सकाळीं जें ओझें खांद्यावर घेऊन तुम्ही शाळेच्या फाटकांतून आंत येतां, त्याला आपण दप्तर म्हणतों. हा शब्द मूळचा मराठी नव्हे. तो आपल्याकडे फारशींतून आला आणि त्याचें मूळ शोधीत मागें गेल्यास आपण ग्रीक भाषेंतील ‘दिफ्थेरा’ ह्या शब्दापाशीं पोंचतों. दिफ्थेरा म्हणजे कमावलेलें कातडें. कागद माहीत होण्यापूर्वीं पश्चिम आशियांतील लोक कातड्यावर लिहीत असत. तेव्हां प्रथम लिहिण्याचें कातडें, मग लिहिलेली वही, मग अशा वह्या सांभाळणारी कचेरी आणि शेवटीं मुलांच्या वह्या वाहून नेण्याची पिशवी, असा लांबचा प्रवास ह्या एका शब्दानें केलेला आहे.

जें लिहिलें तें जपून कसें ठेवावें आणि गरज पडतांच तें हातीं कसें यावें, ह्या विद्येचा इतिहास आज आपणांस थोडक्यांत पाहावयाचा आहे. विषय प्रथमदर्शनीं कोरडा वाटेल. ‘प्रकरण दप्तरीं दाखल झालें’ किंवा ‘बासनांत बांधून ठेवलें’ असें आपण म्हणतों, तेव्हां तें विसरलें गेलें असाच त्याचा अर्थ होतो. परंतु एखाद्या विधवेचें शेत, एखाद्या गांवाचा पाण्याचा हक्क किंवा एखाद्या निरपराध माणसाची सुटका हीं पुष्कळदां एका चिठोऱ्यावर अवलंबून असतात. तो चिठोरा वेळेवर पुढें आला नाहीं, तर न्यायाधीश कितीही सज्जन असला तरी त्याचा इलाज चालत नाहीं. म्हणून कोणत्याही दप्तराची परीक्षा करतांना तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ह्यांतील कागद टिकेल काय? हवा तेव्हां सांपडेल काय? आणि तो पाहण्याचा अधिकार कोणाला आहे? हे तीन प्रश्न मनांत ठेवून आपण ह्या इतिहासाकडे वळूं.

मातीची पाटी आणि मातीचें भांडें

जगांतील अति प्राचीन दप्तरें मातीचीं आहेत. तैग्रिस आणि फरात ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील लेखक ओल्या मातीच्या पाटीवर बोरूच्या टोंकानें पाचरीसारखीं अक्षरें दाबीत आणि पाटी उन्हांत वाळवीत. पाट्या टोपल्यांत भरून प्रत्येक टोपलीला मातीची एक लहान चिठ्ठी दोरीनें बांधीत, व आंत कोणत्या कामाचे व कोणत्या वर्षाचे लेख आहेत हें तिच्यावर लिहीत. अशा चिठ्ठ्या उत्खननांत पुष्कळ सांपडल्या आहेत. १९७५ सालीं सीरिया देशांत एब्ला ह्या प्राचीन नगरीच्या राजवाड्यांत इटालियन संशोधकांना हजारों पाट्यांचें दप्तर सांपडलें. तें इ. स. पूर्वीं सुमारें २३०० वर्षांचें आहे. राजवाडा आगींत जळाला तेव्हां लांकडी फळ्या नष्ट झाल्या व पाट्या खालीं घसरल्या. परंतु त्या ज्या रांगांनीं पडल्या त्यांवरून त्या मूळच्या कशा लाविल्या होत्या हें संशोधकांना ताडतां आलें. ज्या आगीनें कागद नष्ट झाला असता तिनेंच माती भाजून पक्की केली.

लेख टिकावा म्हणून मनुष्य काय करीत असे ह्याचें एक सुंदर उदाहरण पवित्र शास्त्रांतील यिर्मयाच्या ग्रंथांत, बत्तिसाव्या अध्यायांत, आढळतें. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता आणि संदेष्टा स्वतः कैदेंत होता. अशा वेळीं त्यानें आपला चुलतभाऊ हनामेल ह्याजकडून अनाथोथ गांवांतील शेत सतरा शेकेल रुपें देऊन विकत घेतलें. देशावर परचक्र आलें असतां कोणी शेत विकत घेतो काय? परंतु ह्या भूमींत घरें व मळे पुनः घेतले जातील, ही देवाची वाणी त्यास झाली होती. व्यवहार त्यानें अगदीं चोख केला. साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, रुपें तराजूंत तोललें, आणि खतें दोन केलीं. एक मोहरबंद आणि दुसरें उघडें. दोन्ही खतें बारूखाच्या हातीं देऊन, तीं पुष्कळ दिवस टिकावीं म्हणून मातीच्या भांड्यांत ठेवण्यास सांगितलें.

ह्या दोन खतांचें मर्म लक्षांत घेण्यासारखें आहे. उघडें खत रोजच्या वाचनासाठीं आणि मोहरबंद खत खात्रीसाठीं. उघड्यांत कोणीं खाडाखोड केल्याचा संशय आला, तर न्यायसभेपुढें मोहर फोडून दुसरें ताडून पाहावयाचें. एका लेखानें लोकांची सोय आणि दुसऱ्यानें सत्याचें रक्षण, अशी ती योजना होती. मातीच्या भांड्याविषयीं म्हणाल, तर १९४७ सालीं मृत समुद्राजवळील कुमरानच्या गुहेंत एका धनगराच्या पोराला जे चर्मपट सांपडले, ते अशाच भांड्यांत सुमारें दोन हजार वर्षें सुरक्षित राहिले होते.

‘सांपडणें’ ह्या दुसऱ्या प्रश्नासाठीं एज्राच्या ग्रंथांतील पांचवा व सहावा अध्याय वाचावा. बंदिवासांतून परत आलेले यहूदी यरुशलेमेंत मंदिर बांधूं लागले, तेव्हां त्या प्रांताचा सुभेदार तत्तनइ ह्यानें हें काम कोणाच्या हुकुमानें चाललें आहे म्हणून विचारलें. वडील मंडळींनीं सांगितलें कीं कोरेश राजानें परवानगी दिलेली आहे. परंतु कोरेश मरून गेला होता आणि हुकूम ह्यांच्याजवळ नव्हता. सुभेदारानें दारयावेश राजाला पत्र लिहून शोध करण्याची विनंती केली. शोध प्रथम बाबेलच्या दप्तरखान्यांत झाला. पण तो पट शेवटीं मेदी प्रांतांतील एकबताना येथील राजवाड्यांत सांपडला. त्यांत मंदिराची उंची व रुंदी आणि खर्च राजाच्या खजिन्यांतून द्यावा हेंही नमूद होतें. सुमारें अठरा वर्षांपूर्वींचा लेख एवढ्या विस्तीर्ण साम्राज्यांत शोधून निघाला, म्हणून एका दुर्बळ समाजाचें काम थांबलें नाहीं. त्या पटाचा सांभाळ करणाऱ्या कारकुनाचें नांव कोणास ठाऊक नाहीं. पण त्यानें केलेल्या सेवेची थोरवी कमी नव्हे.

दोरा, गांठ आणि कडी

आपल्या देशांत ताडपत्र व भूर्जपत्र हीं लिहिण्याचीं प्रमुख साधनें होतीं. ताडाच्या पानांना मध्यें भोंक पाडून त्यांतून दोरा ओंवीत आणि वरखालीं लांकडी फळ्या ठेवून तो दोरा गुंडाळीत. ‘ग्रंथ’ हा शब्द गांठ मारणें, गुंफणें ह्या अर्थाच्या धातूपासून झाला आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं पुस्तकाला नांव दिलें तें त्यांतील विचारावरून नव्हे, तर त्याच्या बांधणीवरून! नवल असें कीं, इंग्रजी कचेऱ्यांतून आपल्याकडे आलेला ‘फाईल’ हा शब्दही असाच आहे. लॅटिन भाषेंत ‘फिलुम’ म्हणजे दोरा. युरोपांतील जुन्या कचेऱ्यांतून आलेले कागद एका दोऱ्यांत किंवा तारेंत ओंवून ठेवीत. जो आधीं आला तो खालीं आणि जो मागाहून आला तो वर. अशा माळेला फाईल म्हणत. आजही दुकानदार पावत्या उभ्या तारेला टोंचून ठेवतात, तेव्हां ते तीच जुनी चाल पाळीत असतात.

जमिनीचें दान मात्र ताडपत्रावर लिहून भागत नसे. कारण दान ‘आचंद्रार्क’ चालावें अशी राजाची इच्छा, आणि ताडपत्र तर वाळवीचें खाद्य. म्हणून दानपत्रें तांब्याच्या पत्र्यांवर कोरीत. राष्ट्रकूट, शिलाहार इत्यादि राजांचे असे ताम्रपट महाराष्ट्रांत व कोंकणांत पुष्कळ मिळाले आहेत. बहुधा दोन-तीन पत्रे असत. त्यांना भोंक पाडून तांब्याची जाड कडी घालीत आणि कडीच्या सांध्यावर राजमुद्रा ओतीत. बाहेरच्या पत्र्यांच्या बाहेरील बाजू बहुधा कोऱ्या ठेवीत, म्हणजे घासून अक्षरें जाऊं नयेत. कडी कापल्याशिवाय आंतील पत्रा बदलतां येत नसे. यिर्मयाच्या मोहरबंद खताचें काम आपल्याकडे ह्या कडीनें केलें. तथापि बनावट ताम्रपटही सांपडलेले आहेत, हें सांगितलें पाहिजे. जेथें लेखाला किंमत आहे, तेथें खोटा लेख करणाराही निर्माण होतो.

फाडलेली काठी आणि जळालेली पार्लमेंट

इंग्लंडांत सरकारी खजिन्याचा हिशेब कित्येक शतकें काठ्यांवर ठेवीत असत. एका काठीवर रकमेच्या मानानें खांचा पाडावयाच्या, मग ती उभी चिरून एक भाग पैसे देणाऱ्यास व दुसरा घेणाऱ्यास द्यावयाचा. हिशेबाच्या वेळीं दोन्ही भाग जुळवून पाहत. लांकडाच्या रेषा जुळल्या नाहींत कीं लबाडी उघडकीस येई. निरक्षर मनुष्यालाही समजेल अशी ही पावती होती. ही चाल १८२६ सालीं बंद झाली आणि जुन्या काठ्यांचा मोठा ढीग उरला. १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं त्या काठ्या लॉर्डांच्या सभागृहाखालील भट्ट्यांत जाळण्यास दिल्या. भट्ट्या बेसुमार तापल्या व रात्रीं पार्लमेंटाच्या जुन्या इमारतीचा बहुतेक भाग भस्म झाला. लोकप्रतिनिधींच्या सभागृहाचे जुने कागद बहुतेक त्यांत गेले. लॉर्डांचे कायद्यांचे मूळ पट मात्र जवळच्या एका दगडी बुरुजांत स्वतंत्र ठेविले होते, म्हणून वाचले. पुढें १८३८ सालीं इंग्लंडांत सार्वजनिक दप्तराचा कायदा झाला आणि ठिकठिकाणीं विखुरलेले सरकारी कागद एका देखरेखीखालीं आणण्यास आरंभ झाला.

फ्रान्स देशानें ह्या बाबतींत आणखी एक पाऊल पुढें टाकलें होतें. राज्यक्रांतीच्या काळीं, १७९४ सालच्या कायद्यानें, सरकारी दप्तर पाहण्याचा अधिकार नागरिकांना आहे हें तत्त्व तेथें मान्य झालें. तोंवर दप्तर म्हणजे राजाची खासगी पेटी समजत. पुढें १८४१ सालीं त्याच देशांत दुसरा एक नियम ठरला: एका कचेरीचे कागद दुसऱ्या कचेरीच्या कागदांत मिसळूं नयेत, ज्या कामांतून ते निर्माण झाले त्या कामाच्या नांवानेंच ते एकत्र राहूं द्यावेत. हा नियम साधा दिसतो, परंतु आज जगभर दप्तरशास्त्राचा तो पाया मानला जातो. कारण सुटा कागद अर्धेंच बोलतो. त्याच्या मागचें व पुढचें पत्र शेजारीं असेल, तेव्हांच तो पूर्ण बोलतो.

पेशव्यांचे रुमाल

आतां आपल्या घरचें उदाहरण घेऊं. मराठी राज्यांत दप्तराचें महत्त्व किती होतें हें आपल्या आडनांवांवरूनच दिसतें. फडणीस, चिटणीस, पोतनीस, दप्तरदार हीं सारीं नांवें लेखणीच्या चाकरीचीं आहेत. आणि गांवोगांवचे कुलकर्णी व परगण्याचे देशपांडे हेही लेखणीवरच वतन खात. पुण्यास पेशव्यांचें हुजूर दप्तर होतें. त्यांत फडणिसाच्या हाताखालीं चालतें दप्तर असे, आणि सर्व खात्यांचे हिशेब एकत्र करून त्यांचे गोषवारे काढणारें एकबेरीज दप्तर निराळें असे. रोजचा जमाखर्च रोजकीर्दींत लिहीत; त्यावरून विषयवार घडणी करीत; घडणीवरून तर्जुमे व ताळेबंद तयार होत. म्हणजे एकच रक्कम तारखेवरूनही शोधतां येई आणि विषयावरूनही शोधतां येई.

हे कागद मोडी लिपींत, हातकागदावर, काजळाच्या शाईनें लिहिलेले आहेत. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा. तो सूर्यप्रकाशानें विटत नाहीं व कागदाला खातही नाहीं. उलट युरोपांत वापरात असलेली लोहमिश्रित शाई कालांतरानें कागद कुरतडते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर निघालेला लांकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद त्यांतील आम्लानें पिवळा पडून तुटूं लागतो. म्हणून अडीचशें वर्षांपूर्वींची रोजकीर्द आज सहज उलगडते, आणि शंभर वर्षांपूर्वींचें वर्तमानपत्र हातांत चुरतें. असे कागद जाड कापडाच्या चौकोनी रुमालांत बांधून ठेवीत. रुमाल धूळ व ऊन अडवितो, वारा मात्र आंतबाहेर खेळूं देतो. आपल्या दमट पावसाळ्याला ही बांधणी चांगली मानवली.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत ह्या व्यवस्थेकडे दुर्लक्ष झालें. १८१८ सालीं राज्य गेल्यावर दप्तर इंग्रजांच्या हातीं आलें, आणि त्यांनीं तें महसुलाच्या व इनामांच्या चौकशीसाठीं उपयोगांत आणिलें. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले. ज्यांच्या घरीं सनद नव्हती, किंवा ज्यांच्या सनदेला दप्तरांत आधार मिळाला नाहीं, अशा अनेक घराण्यांचीं इनामें गेलीं. कित्येकांचे हक्क खोटे असतील. पण कित्येकांचा अपराध एवढाच असावा कीं आजोबांचा कागद वाळवीनें खाल्ला. मोहरबंद प्रत सरकारापाशीं आणि उघडी प्रत कोणापाशींच नाहीं, अशी ती अवस्था होती.

ह्या दप्तरांत सुमारें ३५,००० मराठी रुमाल आहेत. पुष्कळ काळ तें अभ्यासकांना सहजासहजीं खुलें नव्हतें. त्या दिवसांत वि. का. राजवाडे ह्यांनीं गांवोगांवचीं जुनीं घरें धुंडाळून कागद जमविले आणि १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. पुढें गो. स. सरदेसाई ह्यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ ह्या काळांत छापून निघाले. हें दप्तर आज पुणें पुराभिलेखागार ह्या नांवानें राज्य सरकारच्या ताब्यांत आहे, आणि तेथें जाऊन कागद पाहतां येतात. गोव्याचें दप्तर तर ह्याहूनही जुनें आहे. १५९५ सालीं इतिहासकार दियोगु द कोतु ह्यांची त्याच्या रक्षकपदीं नेमणूक झाली होती.

जाळलेलीं खतें

तिसऱ्या प्रश्नाचें, म्हणजे अधिकाराच्या प्रश्नाचें, गांभीर्य ज्या प्रसंगीं महाराष्ट्राला कळून आलें तो प्रसंग १८७५ सालचा होय. त्या वर्षीं १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि पुढें पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत तसेंच घडलें. त्यांनीं मुख्यतः काय मागितलें हें पाहण्यासारखें आहे. सोनें किंवा धान्य नव्हे, तर कर्जरोखे व खतें. कागद हातीं आले कीं त्यांची होळी केली, आणि पुष्कळ ठिकाणीं जेथें कागद मिळाले तेथें माणसाला इजा केली नाहीं.

हे लोक कागदावर एवढे कां रुसले? कारण तो कागद त्यांना वाचतां येत नव्हता. सावकार लिहीत असे आणि शेतकरी त्याखालीं नांगराची निशाणी करीत असे. किती घेतलें, किती फेडलें, व्याज कसें चढलें, हें एकाच पक्षाच्या वहींत. न्यायालयांत तो कागद पुढें आला कीं न्यायाधीशाला तोच पुरावा. जाळपोळ हा उपाय नव्हे व तिचें समर्थन करितां येत नाहीं. परंतु ज्या दप्तराचें दार एकाच बाजूनें उघडतें, त्याच्याविषयीं गरिबाच्या मनांत कोणती भावना उत्पन्न होते, हें त्या होळ्यांनीं दाखविलें. सरकारनें चौकशी केली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यांत गांवनिबंधक नेमण्याची तरतूद होती. शेतकऱ्याचें खत त्या निबंधकाच्या समक्ष लिहिलें जावें, आणि सावकारानें पैशाची पावती द्यावी व हिशेबाचा उतारा द्यावा, असें ठरलें. दोन खतांची यिर्मयाची रीत कायद्याला पुनः शिकावी लागली.

उभी फाईल

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं रेल्वे, तारायंत्र आणि टंकलेखनयंत्र ह्यांच्यामुळें कचेऱ्यांतील पत्रव्यवहार बेसुमार वाढला. तोंपर्यंत आलेलें पत्र घडी घालून, पाठीवर नांव व तारीख लिहून, फितीनें बांधून लांकडी खणांत ठेवीत; आणि पाठविलेल्या पत्रांच्या नकला तारखेच्या क्रमानें एका मोठ्या वहींत असत. एका गृहस्थाशीं झालेला सगळा व्यवहार पाहावयाचा तर दोन-तीन ठिकाणीं शोध करावा लागे. ह्या अडचणीवर उपाय अगदीं साधा निघाला. कागदाची घडी घालावयाची नाहीं; एका विषयाचे सर्व कागद, आलेले व गेलेले, जाड पुठ्ठ्याच्या एका दुमडीत घालावयाचे, आणि त्या दुमडी खणांत आडव्या न रचतां कांठावर उभ्या ठेवावयाच्या, म्हणजे वरच्या कडेवरील नांवें एका नजरेंत वाचतां येतात. १८९३ सालीं शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत हें सामान ‘लायब्ररी ब्यूरो’ नांवाच्या कंपनीनें मांडलें व त्यास सुवर्णपदक मिळालें. ही कंपनी ग्रंथांच्या दशांश वर्गीकरणाचे जनक मेल्विल ड्यूई ह्यांनीं काढलेली होती. ह्याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंदांचें व्याख्यान झालें, हें तुम्हांस ठाऊकच आहे.

आडव्या ढिगांतून खालचा कागद काढावयाचा तर वरचे सर्व उचलावे लागतात. उभ्या रांगेंतून कोणताही कागद इतरांना न हलवितां निघतो. एवढीच युक्ति, परंतु बाबेलच्या टोपल्यांपासून ही गोष्ट सुचण्यास चार हजार वर्षें लागलीं.

यंत्रांतील दप्तर

पुढची पायरी यंत्राची. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें चुंबकीय तबकड्यांवर माहिती सांठविणारें यंत्र बाजारांत आणिलें. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्यांवर मिळून त्यांत सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आज तुमच्या वडिलांच्या खिशांतील फोनमध्यें त्याच्या हजारोंपट मजकूर मावतो. सातबाऱ्याचा उतारा घरबसल्या पाहतां येतो आणि परीक्षेचीं प्रमाणपत्रें २०१५ सालीं सुरू झालेल्या सरकारी डिजिलॉकरमध्यें ठेवतां येतात. ‘सांपडणें’ ह्या प्रश्नाचें उत्तर इतकें उत्तम पूर्वीं कधींच मिळालें नव्हतें.

‘टिकणें’ ह्या प्रश्नाचें उत्तर मात्र नव्यानें अवघड झालें आहे. इंग्लंडच्या पहिल्या विल्यम राजानें १०८६ सालीं देशांतील जमिनींची मोठी पाहणी करून ती चर्मपत्रावर लिहविली. तिला ९०० वर्षें झालीं म्हणून १९८६ सालीं बीबीसी संस्थेनें देशाची नवी पाहणी प्रकाशकिरणांनीं वाचावयाच्या तबकड्यांवर उतरविली. पंधरा-वीस वर्षांतच त्या तबकड्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं, आणि ती माहिती मोठ्या खटपटीनें पुनः बाहेर काढावी लागली. १०८६ सालचा ग्रंथ मात्र लॅटिन जाणणारा मनुष्य आजही डोळ्यांनीं वाचूं शकतो. यंत्राचें दप्तर वेळोवेळीं नव्या यंत्रावर उतरवून घ्यावें लागतें. तें एकदां ठेवून विसरण्याचें दप्तर नव्हे.

आणि तिसरा प्रश्न? आपल्या देशानें त्याचें उत्तर २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें दिलें आहे. कोणीही नागरिक सरकारी कागद मागूं शकतो. परंतु ह्याच कायद्याच्या चौथ्या कलमांत प्रत्येक सार्वजनिक कचेरीनें आपलें दप्तर नीट लावून त्याची सूची ठेवावी, असें पहिलेंच कर्तव्य सांगितलें आहे. हा क्रम अर्थपूर्ण आहे. मागण्याचा हक्क दिला आणि कागद ढिगाखालीं दडला, तर तो हक्क पोकळ राहतो. दप्तरदिरंगाई ही केवळ आळसाची गोष्ट नव्हे. तिच्यामुळें दुर्बळाचा न्याय बुडतो.

ह्यांतून आपण काय घ्यावें? दोन-तीन लहान गोष्टी प्रत्येकाला करतां येतील. जें लिहाल त्यावर तारीख, वर्ष आणि नांव घाला. वर्ष नसलेलें पत्र दहा वर्षांनीं मुकें होतें. महत्त्वाच्या लेखाची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणीं ठेवा. पार्लमेंटाच्या आगींत बुरुजांतले पट वाचले, ते ह्याच कारणानें. घरांतील वडील माणसांना शेताचे, घराचे, जन्ममृत्यूचे कागद कोठें आहेत हें विचारा व त्यांची यादी करून द्या. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांना कागद वाचून दाखवा आणि समजल्याखेरीज अंगठा उठवूं देऊं नका. माळ्यावर मोडी कागदांचें जुनें बोचकें असेल तर तें रद्दींत घालूं नका. कित्येक घरांतील असे कागद वाण्याच्या पुड्यांना गेले आणि त्यांबरोबर गांवांचा इतिहास गेला. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर व्यवहारांतून गेली. परंतु ती शिकणें अवघड नाहीं, आणि तुमच्यापैकीं एक-दोघांनीं जरी ती शिकून घेतली, तरी कित्येक बंद रुमाल बोलूं लागतील.

यिर्मयानें शेत घेतलें तेव्हां शहर पडण्याच्या बेतांत होतें. त्या शेताचें पीक आपणांस खावयास मिळेल अशी आशा त्याला नव्हती. तरीही त्यानें खत नीट लिहिलें, साक्षी घेतल्या आणि भांड्यांत जपून ठेवविलें. कागद जपणारा मनुष्य, आपण नसूं तेव्हां कोणी तरी न्याय मागावयास येईल आणि त्याच्या हातीं पुरावा असला पाहिजे, एवढी एक गोष्ट मनाशीं धरून काम करीत असतो.